हॉस्पिटलबाहेर थांबलेल्या माणसाची सेवा: ठाणे-नवी मुंबईत सुरुवात करणाऱ्यांसाठी

नुकता बाप्तिस्मा झालेली मुलं, लग्न होऊन ठाण्यात आलेल्या मुली, रिटायर झालेले काका, आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) असे बरेच जण उपासना झाल्यावर थांबून विचारतात की मला काहीतरी सेवा करायची आहे पण कुठून सुरुवात करू. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय. आमचा ग्रुप हॉस्पिटलमधल्या पेशंटच्या नातेवाइकांसाठी काम करतो, जास्त करून कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल आणि खारघरला टाटाचं कॅन्सर हॉस्पिटल ॲक्ट्रेक, त्यामुळे मी तेवढ्यापुरतंच बोलणार. झोपडपट्टीतले क्लास, येऊरचे पाडे, वृद्धाश्रम ही कामं पण तितकीच मोलाची आहेत, पण ती करणाऱ्यांनी त्यावर लिहावं.

आधी मन पक्कं करा

बायबलमधला मत्तयाचा २५ वा अध्याय शांतपणे वाचा, शेवटचा भाग. भुकेल्याला जेवण, तहानेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला कपडा, आजाऱ्याची आणि तुरुंगातल्याची भेट, ही सहा कामं प्रभू येशू सांगतो आणि म्हणतो की ह्या लहानातल्या लहानासाठी जे केलंत ते माझ्यासाठीच केलंत. मला त्यातली एक गोष्ट कायम थांबवते, ज्यांनी ती कामं केली त्यांना स्वतःलाच पत्ता नव्हता, ते उलट विचारतात की प्रभू आम्ही तुला भुकेला कधी पाहिलं? म्हणजे त्यांनी पुण्य मोजत काही केलं नव्हतं, समोरचा भुकेला होता म्हणून वाढलं. आपल्याला तिथवर पोचायचंय. फोटो टाकायला, मंडळीचं नाव व्हायला किंवा कोणाला आपल्याकडे वळवायला जायचं असेल तर कृपया जाऊ नका, माणसं आजारपणाने आधीच खचलेली असतात आणि त्यांना हेतू लगेच कळतो.

पायरी १: एक ठिकाण, एक दिवस

नवीन माणूस एका आठवड्यात कळवा, दुसऱ्यात वाशी, तिसऱ्यात पनवेल असं फिरतो आणि कुठेच ओळख होत नाही. तुमच्या घरापासून जिथे विनासायास जाता येईल ते एकच हॉस्पिटल धरा. खारेगाव, विटावा, पारसिकनगर वाल्यांना कळवा सोपं, ऐरोली-रबाळे-कोपरखैरणे वाल्यांना ट्रान्स हार्बरने वाशी बरं पडतं, बेलापूर-खारघर-पनवेल पट्ट्यात राहणाऱ्यांनी ॲक्ट्रेकचा विचार करावा. आठवड्यातला एक वार ठरवा आणि दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, घरातलं सगळं सोडून सेवेला पळणाऱ्याची सेवा पावसाळ्यापर्यंत सुद्धा टिकत नाही हे मी बघितलंय.

कळवा आणि ॲक्ट्रेक, दोन्हीकडची गरज वेगळी आहे ते आधी समजून घ्या. कळव्याचं हॉस्पिटल ठाणे महापालिकेचं, तिथे दिवा-मुंब्रा-भिवंडीपासून शहापूर-मुरबाडपर्यंतची माणसं येतात, बाळंतपण, ॲक्सिडेंट, साप चावला, ताप, सगळंच. नातेवाईक बहुतेक मराठी किंवा हिंदी बोलणारे, हातावर पोट असलेले, एक दिवस कामावर गेले नाहीत तर मजुरी गेली अशी परिस्थिती. ॲक्ट्रेक कॅन्सरचं. तिथे बिहार, बंगाल, यूपीहून आलेली कुटुंबं महिनोन्महिने इथे राहून ट्रीटमेंट घेतात, त्यांना भाषा परकी, जेवण परकं, आणि गावाकडे दुसरी मुलं आजीकडे सोडलेली. एकाला आजच्या रात्रीचं जेवण हवंय, दुसऱ्याला सहा महिने कोणीतरी ओळखीचं हवंय.

पायरी २: परवानगी आणि जोडीदार

आधी तुमच्या पाळकांना किंवा फादरना सांगा. परवानगीचा भाग आहेच, पण मंडळीत हे काम आधीपासून करणारं कोणी असेल तर त्यांनाच माहीत असतं. कॅथलिक चर्चमध्ये बहुतेक ठिकाणी सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीचा गट असतो, १८३३ मध्ये पॅरिसला कॉलेजच्या मुलांनी सुरू केलेली ही चळवळ, आणि त्यांची दोघादोघांनी जाऊन भेट द्यायची पद्धत आहे ती आपण सगळ्यांनी घेण्यासारखी आहे. एकटं जाऊच नका. दोघं असले की एक बोलतो दुसरा ऐकतो, कोणी रडायला लागलं तर एक जण पाणी आणतो, आणि नंतर आळ आला तर साक्षीदार असतो. बायकांच्या वॉर्डात बायकांनीच जायचं. लहान मुलाबरोबर एकट्याने कुठेही थांबायचं नाही, आणि एखादं मूल बेवारस किंवा धोक्यात दिसलं तर स्वतः घरी न्यायचं नाही, १०९८ ह्या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करायचा.

मग हॉस्पिटलमध्ये समाजसेवा अधीक्षक (हॉस्पिटलचे सोशल वर्कर) कुठे बसतात ते शोधा. सरकारी आणि पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये हे पद असतं, नवीन लोकांना माहीतच नसतं आणि ते थेट वॉर्डात शिरतात, मग वॉचमन अडवतो आणि वाईट वाटून घेतात. अधीक्षकांना भेटून सरळ सांगा, आम्ही अमुक चर्चचे, अमुक वारी दोन जण येऊ, काय मदत लागते ते तुम्ही सांगा. चर्चचं नाव लपवू नका. लपवून केलेलं नंतर कळलं की चांगल्या कामावरही संशय येतो.

टीममध्ये कोण घ्यावं? माझं ठाम मत आहे की ज्याने स्वतः हॉस्पिटलच्या जिन्यावर रात्र काढलीय असं कमीत कमी एक माणूस हवंच. पंडिता रमाबाईंचं आयुष्य बघा, तरुणपणी दुष्काळात आई-वडील आणि बहीण डोळ्यांसमोर गेले, आणि पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन आल्या, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांना नुसतं खाऊ न घालता छापखान्यापासून विणकामापर्यंत काम शिकवलं. भूक काय असते ते त्यांना माहीत होतं, म्हणून भुकेनंतर काय लागतं तेही सुचलं. आमच्या ग्रुपमधल्या एका मावशींनी नवऱ्याच्या डायलिसिससाठी बरीच वर्षं फेऱ्या मारल्यात, त्यांना नातेवाइकाचा चेहरा बघून कळतं की ह्याने सकाळपासून काही खाल्लेलं नाही.

पायरी ३: पहिल्या भेटीत काही वाटू नका

हे सगळ्यांना जड जातं, रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणतात. तरी पहिल्या दोन-तीन भेटी फक्त बसा आणि विचारा. 'काका कुठून आलात? बरोबर कोण आहे? जेवायचं कसं करता?' एवढंच. 'काय झालंय पेशंटला' हा पहिला प्रश्न करू नका, सांगायचं असेल तर ते सांगतील. वयाने मोठे असतील तर काका-मावशी, दादा-ताई म्हणा, सरसकट 'अरे-तुरे' करू नका, गरीब माणसाला सगळेच अरे-तुरे करत असतात.

विचारलंत की कळतं गरज भलतीच असते. आम्ही ब्लँकेट वाटायच्या तयारीत होतो आणि लोकांना हवी होती चार्जिंगची सोय, कारण मोबाइल बंद पडला की गावाशी संपर्क तुटतो. कोणाला चटई, मग, साबण, कोणाला थर्मासभर गरम पाणी, कोणाला फक्त अर्धा तास पेशंटजवळ कोणीतरी थांबावं म्हणजे आंघोळ करून येता येईल. हे शेवटचं काम फुकट आहे आणि मला वाटतं सगळ्यात मोठं आहे. (नर्स सिस्टरना सांगूनच थांबा, आणि पेशंटला पाणीसुद्धा विचारल्याशिवाय देऊ नका, ऑपरेशन असू शकतं.)

पायरी ४: जेवण

जेवण नातेवाइकांना द्यायचं, पेशंटला द्यायचं नाही, पेशंटचं पथ्य हॉस्पिटल बघतं. साधं आणि शाकाहारी ठेवा म्हणजे कुठल्याही घरातला माणूस निर्धास्त खाईल. पोळी आणि सुकी भाजी सगळ्यात बरी, डबा उघडून कोपऱ्यात उभ्याने पण खाता येते. ओल्या खोबऱ्याची चटणी, दही, रस्सा नको, आपल्याकडच्या उकाड्यात खराब होतं आणि सांडतं. शिजवल्यापासून दोन तासांत हातात पडेल असं बघा. भात-खिचडी करायची असेल तर गरम भांड्यातून तिथेच वाढायची सोय हवी, सकाळी करून संध्याकाळी नेलेला भात नको.

किती जणांचं न्यायचं? जितकं दर आठवड्याला न चुकता नेता येईल तितकंच. ख्रिसमसला शंभर पाकिटं आणि जानेवारीत कोणीच नाही, असं झालं की वाट बघणारा उपाशी राहतो. दहा पाकिटं पण दर गुरुवारी, ह्यात जास्त अर्थ आहे. वाढताना रांग लावून ओरडायचं नाही, ते बसलेत तिथे जाऊन हातात द्यायचं आणि शक्य असेल तर बाजूला बसायचं.

पायरी ५: कागदपत्रं, जिथे खरं काम आहे

जेवण सगळे देतात, कागदाला कोणी हात लावत नाही, आणि माणूस कर्जात बुडतो तो कागदापायी. तुम्ही शिकलेले असाल, फॉर्म भरता येत असेल, तर देवाने तुम्हाला दिलेलं दान हेच समजा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता आयुष्मान भारतशी जोडलेली आहे, त्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये मोफत होतात. पिवळं, केशरी आणि आता पांढरं रेशनकार्ड असणाऱ्यांनाही मिळते. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं, टेबल असतं, पेशंट ॲडमिट झाल्याबरोबर तिथे जायचं, बिल झाल्यावर जाऊन उपयोग नाही. हेल्पलाइन १५५३८८.

आता अडतं कुठे ते सांगते. मुरबाडकडचे एक गृहस्थ, प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद, एक्सरे पासून लाइट बिलापर्यंत एकत्र कोंबलेले, टेबलावर गेले की त्यांना परत पाठवलं जायचं आणि का ते त्यांना कळत नव्हतं. आम्ही बाकावर सगळे कागद पसरले. रेशनकार्डावर नाव बाळू आणि आधारवर बाळकृष्ण, शिवाय रेशनकार्डाची झेरॉक्स इतकी पुसट की नंबरच दिसत नव्हता. मूळ कार्ड गावाला. मुलाला फोन करून मोबाइलवर स्वच्छ फोटो मागवला, समोरच्या दुकानातून प्रिंट काढली, आणि दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याबद्दल काय लिहून द्यावं लागेल ते आरोग्यमित्रालाच विचारून घेतलं. दुपारपर्यंत काम पुढे सरकलं. त्यात आमचा खर्च प्रिंटचा आणि चहाचा, बस.

म्हणून पिशवीत कायम ठेवा: दोन पेन, कोरे कागद, स्टेपलर, प्लास्टिक फोल्डर. कागद तारखेप्रमाणे लावून फोल्डरमध्ये घालून परत त्यांच्याच हातात द्या. कोणाचं मूळ आधार, रेशनकार्ड, पासबुक स्वतःकडे ठेवायचं नाही, ओटीपी विचारायचा नाही, मदत म्हणून सुद्धा नाही.

अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. ट्रस्टच्या नावाने रजिस्टर असलेल्या धर्मादाय हॉस्पिटलना, भले ती बाहेरून पंचतारांकित दिसू देत, १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला लागतो. तिथल्या सोशल वर्करला भेटून 'धर्मादाय योजनेतली खाट आहे का' असं स्पष्ट शब्दांत विचारा, मोघम 'काही कमी होईल का' विचारलं तर उत्तरही मोघमच मिळतं. त्याशिवाय मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज असतो, तोही भरायला शिका.

पायरी ६: रक्त आणि प्लेटलेट

तरुण मुलांनो, हे तुमच्यासाठी. वय १८ ते ६५, वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन १२.५ च्या वर असेल तर रक्त देता येतं, पुरुषांना दर ३ महिन्यांनी आणि बायकांना ४ महिन्यांनी. कॅन्सरच्या पेशंटना किमोमुळे प्लेटलेट सारख्या लागतात आणि प्लेटलेट फक्त ५ दिवस टिकतात, म्हणजे साठवून ठेवताच येत नाहीत, रोज नवीन दाता लागतो. बिहारहून आलेल्या बाईने खारघरमध्ये दाता आणायचा कुठून? मंडळीच्या युवक संघाने ब्लडग्रुपची यादी करून आळीपाळीने जायचं ठरवलं तर ह्यापेक्षा थेट सेवा नाही. प्लेटलेट द्यायला मशीनवर तास-दीड तास बसावं लागतं, आधीचे ३ दिवस ॲस्पिरिन घेतलेली चालत नाही, पोटभर खाऊन जा.

आणि किमो चालू असलेल्या पेशंटला भेटताना सर्दी-खोकला असेल तर घरी थांबा. फुलं, कापलेली फळं नेऊ नका, इन्फेक्शनचा धोका असतो. मास्क लावा, हात धुवा.

पायरी ७: प्रार्थना कधी आणि कशी

इथे मी अगदी स्पष्ट बोलणार. जेवणाच्या पाकिटात पत्रक घालू नका. बेडजवळ जाऊन मोठ्याने प्रार्थना करू नका, बाजूच्या बेडवर दुसऱ्या धर्माचा माणूस आपल्या देवाचं नाव घेत पडलेला असतो, त्याचाही मान ठेवा. कोणी स्वतःहून म्हणालं की ताई आमच्यासाठी प्रार्थना करा, तर हळू आवाजात, दोन वाक्यांत, त्यांच्या भाषेत करा. कोणी विचारलं तुम्ही हे का करता, तर खरं सांगा, आम्ही येशूला मानतो आणि त्याने असं करायला सांगितलंय. तिथे थांबा. मदत घेणारा माणूस 'नको' म्हणायच्या परिस्थितीत नसतो, त्याच्या अडचणीचा फायदा घेऊन सांगितलेली सुवार्ता ती सुवार्ताच नाही असं मी मानते.

बरं होण्याचं वचन तुम्ही देऊ नका, ते तुमच्या हातात नाही. गोळ्या बंद करा, डॉक्टर बदला, आमच्या सभेला आणा, ह्यातलं काहीही तोंडातून निघता कामा नये. 'देवाची इच्छा' हे वाक्य मूल गमावलेल्या आईला कधीच म्हणू नका. गप्प बसून हात धरला तरी पुरतं.

पायरी ८: पैसे

सगळ्यात जास्त ग्रुप इथे फुटतात. पहिल्या मंडळीतसुद्धा पहिलं भांडण अन्नाच्या वाटपावरून झालं होतं, प्रेषितांची कृत्ये ६ वाचा, विधवांच्या एका गटाला डावललं जातंय अशी कुरकुर झाली आणि मग त्या कामासाठी सात जण निवडले गेले. पौलाने पण मोठी देणगी नेताना बरोबर माणसं घेतली, कोणी दोष देऊ नये म्हणून, ते २ करिंथ ८ मध्ये आहे.

तर कोणाच्या वैयक्तिक यूपीआयवर पैसे गोळा करू नका, मंडळीच्या खात्यात घ्या. वही ठेवा, दोघांच्या सह्या, पावती चिकटवलेली. रोख हातात द्यायच्या ऐवजी औषधाच्या दुकानात बिल भरा. अमेरिकेतल्या किंवा आखातातल्या नातेवाइकाने पाठवतो म्हटलं तर आधी पासपोर्ट कुठला विचारा, भारतीय नागरिकाने आपल्या कमाईतून बँकेतून पाठवलेले चालतात, पण परदेशी नागरिकत्व घेतलेल्याचे पैसे संस्थेला एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) रजिस्ट्रेशनशिवाय घेता येत नाहीत. देणाऱ्याचं नाव वाटपाच्या जागी घोषित करायचं नाही.

पायरी ९: डिस्चार्जनंतर

पेशंट घरी गेला की आपलं काम संपलं असं बहुतेकांना वाटतं. डिस्चार्ज कार्डवर परत दाखवायची तारीख असते ती मोठ्या अक्षरात वेगळ्या कागदावर लिहून द्या, गोळ्या सकाळ-दुपार-रात्र अशा वेगळ्या पाकिटात लावून द्या, आणि तारखेच्या दोन दिवस आधी एक फोन करा.

जवळपास राहत असतील तर घरी जा. कोपरखैरण्याला माथाडी वसाहतीच्या बाजूला एका आजींकडे आम्ही जातो, पाय सुजलेले, वाकता येत नाही. एकदा त्यांनीच लाजत विचारलं पाय धुवून देशील का गं. कोमट पाणी, बादली, साबण, बोटांच्या मधला मळ, मग फडक्याने नीट कोरडं करून खोबरेल तेल. योहानाच्या १३ व्या अध्यायात प्रभूने शिष्यांचे पाय धुतले ते मी लहानपणापासून ऐकत आलेय, पण सुजलेला पाय हातात घेतल्यावर कळतं की हे जमिनीवर बसल्याशिवाय होत नाही. डायबिटीसच्या माणसाची नखं मात्र आपण कापायची नाहीत, बोटांमध्ये तेल-क्रीम सोडायचं नाही, आणि जखम किंवा काळा डाग दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं. घरात एकटेच असणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, नंबर मोठ्या अक्षरात भिंतीवर लावून द्या.

पायरी १०: स्वतःची मर्यादा

काही पेशंट जातील, ज्याच्याशी तुमची खूप ओळख झालीय तो सुद्धा. त्या आठवड्यात जोडीदाराशी बोला, पाळकांशी बोला, हवं तर एक आठवडा थांबा. लूक १० मधल्या शोमरोनी माणसाची गोष्ट आपण नेहमी वाचतो पण त्याने काय काय केलं ते नीट बघत नाही. जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, रात्रभर काळजी घेतली, आणि दुसऱ्या दिवशी उतारशाळेवाल्याला पैसे देऊन, जास्त लागलं तर परत येताना देईन सांगून आपल्या कामाला गेला. सगळं एकट्याने शेवटपर्यंत केलं नाही, जबाबदार हातात सोपवलं आणि परत यायचं कबूल केलं.

आपणही तसंच करायचं. एक वही ग्रुपमध्ये ठेवा, त्यात नातेवाइकाचं नाव, गाव, फोन, पुढची तारीख आणि काय कबूल केलंय एवढंच लिहा, आजाराचं सविस्तर नको, आणि वही व्हॉट्सॲपवर फिरवू नका. परीक्षा, बाळंतपण, नाइट शिफ्ट, काहीही कारणाने तुम्हाला थांबावं लागणार असेल तर शेवटच्या गुरुवारी नवीन येणाऱ्या ताईला बरोबर घेऊन जा, प्रत्येकाशी समोरासमोर ओळख करून द्या, वही तिच्या हातात द्या आणि समाजसेवा अधीक्षकांनाही तिचं नाव सांगून या.